साइड क्वेस्ट का आवडते? उत्तर नारायणगावच्या विठाबाईंच्या तमाशात

फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये अनेकदा मुख्य मोहीम बाजूला राहते आणि खेळाडू वाटेतल्या छोट्या कामांत, म्हणजे साइड क्वेस्टमध्ये रमतो. ‘द विचर ३’ (२०१५) या गेममध्ये एक म्हातारी आपला तवा आणून द्यायला सांगते. काम क्षुल्लक, पण तवा असलेल्या बंद घरात प्रेत सापडते आणि युद्धाची झळ दारापर्यंत पोहोचल्याचे कळते. मुख्य कथा थांबवूनही प्रेक्षक धरून ठेवण्याची ही कला जुन्नर तालुक्यातील नारायणगावला जुनी आहे. विठाबाई नारायणगावकर हे त्यातले सर्वांत मोठे नाव.

विठाबाई कोण होत्या?

जन्म जुलै १९३५, पंढरपूर. वडील आणि चुलते ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा तमाशाचा फड चालवत. शाळेत मन रमले नाही. लावणी, गवळण, भेदिक मात्र लहानपणापासून कानावर होते. वेगळी तालीम न घेता त्या बालवयातच बोर्डावर उभ्या राहिल्या आणि पुढे फडाचा चेहरा बनल्या.

तमाशात साइड क्वेस्ट कुठे असते?

जुन्नर-आंबेगावच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या तमाशाची मुख्य कथा म्हणजे वग. तो येतो शेवटी. आधी गण, मग गवळण, बतावणी, लावण्या. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात. बतावणीत सोंगाड्या गावातल्या ताज्या गोष्टींवर टोले देतो. वगाशी याचा संबंध असतोच असे नाही. तरीही प्रेक्षक उठत नाही, कारण प्रत्येक तुकड्याला स्वतःचा पेच आणि स्वतःचा शेवट असतो. शिवाय ऐकणाऱ्याला त्यात आपलेच गाव दिसते. ‘दहा लांडगे मारून आण’ छापाच्या साइड क्वेस्टमध्ये नेमके हेच नसते.

सर्वाधिक सांगितला जाणारा प्रसंग कोणता?

नऊ महिने भरलेले असताना विठाबाई नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या. पोट दिसेना, हे लक्षात आल्यावर प्रेक्षकांनीच खेळ थांबवायला लावला, असे सांगतात. हा प्रसंग धाडसाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. पण ओल्या बाळंतिणीला पुन्हा बोर्डावर का यावे लागले, हा प्रश्न त्यात मागे पडतो. घेतलेल्या सुपारीचा खेळ पूर्ण करायचा आणि त्यावरच फडाचे पोट भरायचे, हे तमाशाचे रोजचे गणित होते.

पुढे काय झाले?

१९५७ आणि १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. आर्थिक ओढाताण मात्र सुटली नाही. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. कन्या मंगला बनसोडे यांनी तमाशाचा वारसा पुढे नेला.

यातून काय घ्यावे?

छोटी गोष्ट लक्षात राहते ती तिच्यातल्या माणसामुळे, बक्षिसामुळे नव्हे. गेममध्ये काम संपताच मोबदला हातात पडतो. रात्र-रात्र लोकांना गोष्टीत गुंतवणाऱ्या विठाबाईंच्या वाट्याला तो पुरेसा आला नाही.