ध्वनिफितीवरचा कवी

अलेक्झांडर गालिच यांची गाणी सोव्हिएत संघात दूरदूरच्या शहरांतून ऐकली जात. परंतु या गाण्यांचे एकही पुस्तक त्यांच्या हयातीत त्या देशात निघाले नाही. ती नभोवाणीवर लागत नसत, दुकानांत त्यांच्या ध्वनिमुद्रिका मिळत नसत. तरीही ती घरोघरी पोचली, आणि त्यापायी गालिच यांना आपले घर सोडावे लागले.

त्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१८ रोजी येकातेरिनोस्लाव येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये असून त्याला द्नीप्रो म्हणतात. गिन्झबुर्ग हे त्यांचे मूळ आडनाव; गालिच हे लेखनासाठी घेतलेले नाव. बालपण मॉस्कोत गेले. ज्या जुन्या वाड्यात हे कुटुंब राहत असे, तेथेच १८२६ साली महाकवी पुश्किन यांनी आपले ‘बोरिस गोदुनोव्ह’ हे नाटक मित्रांना वाचून दाखविले होते. अशा घरात वाढलेल्या मुलाला काव्याची आणि नाटकाची ओढ लागली यात नवल ते काय! तरुणपणी थोर नाट्यशिक्षक स्तानिस्लाव्हस्की यांच्या शाळेत त्यांना प्रवेश मिळाला. पुढे महायुद्ध सुरू झाले. हृदय जन्मतःच दुबळे असल्यामुळे त्यांना सैन्यात घेतले नाही. तेव्हा आघाडीवरील सैनिकांसाठी प्रयोग करणाऱ्या नाटकमंडळीत ते सामील झाले.

युद्धानंतर त्यांना भरघोस यश लाभले. १९४८ सालचे त्यांचे विनोदी नाटक देशभर गाजले. १९५४ साली ‘खरे मित्र’ हा चित्रपट आला. त्याची कथा त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर लिहिली होती. मॉस्कोत चांगले घर, हाती पैसा, लेखक संघाचे सभासदत्व. त्या देशात लेखकाला याहून अधिक काय हवे? तेथे छापखाने, रंगभूमी आणि चित्रपट ही सारी शासनाच्या हाती होती. पुस्तक निघे, ते सरकारी परीक्षकाने तपासल्यावरच. गालिच यांना हे सारे ठाऊक होते. त्यांनी तसेच हलकेफुलके लिहीत राहावयाचे ठरविले असते, तर त्यांचे आयुष्य सुखात गेले असते.

१९५८ साली त्यांचे एक नाटक मॉस्कोतील एका नव्या नाटकमंडळीने बसविले. त्यात एक गरीब ज्यू बाप आणि त्याचा व्हायोलिन वाजविणारा मुलगा यांची कथा होती. रंगीत तालीम पाहण्यास अधिकारी आले आणि नाटक तेथेच थांबविण्यात आले. हा घाव गालिच कधीच विसरले नाहीत. पुढे त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्या पुस्तकाला ‘रंगीत तालीम’ हेच नाव दिले.

त्याच सुमारास देशात आणखी एक गोष्ट घडत होती. हुकूमशहा स्टालिन १९५३ साली मरण पावला होता, आणि त्याच्या काळात निरपराध असूनही श्रमछावण्यांत डांबलेली माणसे हळूहळू घरी परतत होती. त्यांच्या कहाण्या लोक एकमेकांना हलक्या आवाजात सांगत. छापीत मात्र कोणी नसे. १९६२ साली मॉस्कोहून लेनिनग्राडला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत गालिच यांनी एक गाणे रचले. मग गाण्यांचा ओघच सुरू झाला. ‘ढग’ या गाण्यात वीस वर्षे छावणीत काढलेला एक माणूस आभाळाकडे पाहत बसतो. दुसऱ्या एका गाण्यात अन्याय दिसत असताना गप्प बसून वर चढणाऱ्यांवर कडक प्रहार आहे.

गालिच मित्रांच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून सात तारांची गिटार छेडीत गात. आवाज भारी नव्हता. गाणे अर्धे गायिलेले, अर्धे बोललेले असे. परंतु टेबलावर कोणी तरी ध्वनिमुद्रणयंत्र ठेवलेले असे. अशी यंत्रे त्या काळी नुकतीच घरोघरी येऊ लागली होती. एका फितीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशा नकला निघत. प्रत्येक नकलेत खरखर वाढे, आवाज पुसट होई. तरी माणसे कान देऊन ऐकत. छापखान्याला कुलूप घालता येते, पण हजारो घरांतील यंत्रे कशी बंद करावयाची?

मार्च १९६८ मध्ये सायबेरियातील नोव्होसिबिर्स्कजवळच्या विज्ञाननगरीत गायक-कवींचे संमेलन भरले. तेथे गालिच यांनी बोरिस पास्तरनाक या कवीच्या स्मरणार्थ रचलेले गाणे गायिले. पास्तरनाक यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले होते; पण लेखक संघाने त्यांना बहिष्कृत केले आणि पारितोषिक नाकारणे त्यांना भाग पाडले. गाणे संपले, तेव्हा सारे सभागृह काही क्षण निःशब्द उभे राहिले. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वदेशात जाहीर सभेपुढे अशी मैफल गालिच यांना पुन्हा लाभली नाही.

२९ डिसेंबर १९७१ रोजी लेखक संघाने त्यांना काढून टाकले. पाठोपाठ चित्रपट संघानेही तेच केले. त्यांची नाटके बंद पडली, चित्रपटांतून त्यांचे नाव पुसले गेले. हृदयविकार बळावला, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर आणि पुस्तके विकून दिवस काढावे लागले. अखेर देश कायमचा सोडण्यावाचून मार्ग उरला नाही. जून १९७४ मध्ये ते पत्नीसह निघाले. ‘मी परत येईन तेव्हा’ असे त्यांच्या एका गाण्याचे नाव आहे.

नॉर्वे, जर्मनीतील म्युनिक आणि मग पॅरिस असा त्यांचा प्रवास झाला. म्युनिकच्या एका नभोवाणी केंद्रावरून ते रशियन श्रोत्यांसाठी गात व बोलत. सोव्हिएत शासन त्या लहरींत मुद्दाम गोंगाट मिसळीत असे. पण खरखरीतून गालिच यांचा आवाज वेचून घेण्याची श्रोत्यांना सवयच होती.

१५ डिसेंबर १९७७ रोजी पॅरिसच्या घरी नवे ध्वनियंत्र जोडताना विजेचा धक्का बसून त्यांचा अंत झाला. पॅरिसजवळच्या रशियन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. १९८८ साली लेखक संघाने त्यांचे सभासदत्व परत दिले. रंगीत तालमीतच थांबलेले ते नाटक पुढे ओलेग ताबाकोव्ह यांनी मॉस्कोत रंगभूमीवर आणले.