प्रतापसिंह भोसले

छत्रपती प्रतापसिंह भोसले (१८ जानेवारी, १७९३ – १४ ऑक्टोबर, १८४७) हे साताऱ्याचे छत्रपती होते. वडील दुसरे शाहू यांच्या मृत्यूनंतर १८०८ मध्ये ते गादीवर आले. कंपनी सरकारविरुद्ध कट केल्याच्या खोट्या आरोपावरून १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले.

राज्यकारभार

पेशवाईत छत्रपतींच्या हाती प्रत्यक्ष सत्ता नव्हती. १८१८ मधील आष्टीच्या लढाईत प्रतापसिंह इंग्रजांच्या ताब्यात आले. २५ सप्टेंबर, १८१९ च्या तहाने त्यांना साताऱ्याचे राज्य मिळाले आणि १८२२ मध्ये रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांनी संपूर्ण कारभार त्यांच्याकडे सोपवला. त्यांनी रस्ते, शाळा व शहराचा पाणीपुरवठा यांकडे विशेष लक्ष दिले.

आरोप आणि चौकशी

जहागीरदारांवरील अधिकारावरून मुंबई सरकारशी त्यांचा वाद सुरू झाला. याच काळात, १८३६ मध्ये, इंग्रजांच्या पलटणीतील देशी अधिकाऱ्यांना फितवल्याचा आरोप त्यांच्यावर आला. त्यासाठी नेमलेल्या गुप्त आयोगाने साक्षीपुराव्यांच्या प्रती त्यांना दिल्या नाहीत. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी व नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे आरोपही जोडले गेले. अटकेतील दिवाण गोविंदराव यांच्या आईच्या नावे सादर झालेला, महाराजांना दोषी ठरवणारा अर्ज दुसऱ्यानेच लिहिल्याचे नंतर उघड झाले. आयोगाचे एक सदस्य व तत्कालीन रेसिडेंट पीटर लॉडविक यांनीही पुढे महाराजांची बाजू घेतली. या कारस्थानात बाळाजीपंत नातू यांचा हात असल्याचे मानले जाते.

पदच्युती

ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर जेम्स कारनॅक यांनी साताऱ्यास येऊन, दोष मान्य केल्यास राज्य कायम ठेवण्याची तयारी दर्शवली. न केलेल्या गुन्ह्याची कबुली देण्यास महाराजांनी नकार दिला आणि उघड चौकशीची मागणी केली. ५ सप्टेंबर, १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून पुढे बनारसला पाठवण्यात आले. धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवण्यात आले.

अखेर

महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे हा लढा चालवला. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत जोसेफ ह्यूम यांच्यासारख्यांनी महाराजांचा पक्ष मांडला. तथापि न्यायालयीन चौकशी अखेरपर्यंत झाली नाही. प्रतापसिंहांचे बनारस येथे निधन झाले. पुढच्याच वर्षी शहाजींच्या मृत्यूनंतर लॉर्ड डलहौसीने दत्तक वारस नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा केले.