डॉ. बिभा चौधुरी : विश्वकिरणांच्या अभ्यासिका

मुंबई व अहमदाबाद या दोन शहरांच्या मध्ये वसलेल्या आपल्या सुरत-इच्छापोर परिसरातील वाचकांना होमी भाभा आणि विक्रम साराभाई ही नावे घरचीच वाटतात. या दोघांच्याही संस्थांत संशोधन केलेल्या डॉ. बिभा चौधुरी मात्र दीर्घकाळ विस्मृतीत राहिल्या.

१९१३ साली कलकत्त्यात जन्मलेल्या बिभाबाई १९३६ मध्ये तेथील विद्यापीठातून पदार्थविज्ञानात एम. एस्सी. झाल्या. त्या वर्षीच्या त्या एकट्याच विद्यार्थिनी. पुढे बोस संस्थेत देवेंद्र मोहन बोस यांच्यासमवेत त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास आरंभिला. साधन म्हणावे तर छायाचित्रणाच्या काचा! दार्जिलिंग व त्याहून उंच संदकफू येथे त्या महिनोन्‌महिने ठेवावयाच्या. विद्युत्‌भारित कण काचेवरील लेपातून गेला की ठिपक्यांची रेघ उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली ते ठिपके मोजावयाचे, रेघेची वळणे न्याहाळावयाची आणि त्यांवरून कणाचे वस्तुमान काढावयाचे. अशा चिकाटीने त्यांनी तेव्हा मेसोट्रॉन म्हटल्या जाणाऱ्या कणाचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट ठरविले. हे निष्कर्ष १९४० ते १९४२ या काळात ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

पण महायुद्ध चालू होते. अधिक संवेदनक्षम काचा मिळेनात आणि काम तेथेच अडले. १९४७ मध्ये ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांच्या गटाने सुधारित काचा वापरून याच पद्धतीने पायॉन शोधला. १९५० चे नोबेल पारितोषिक पॉवेल यांना मिळाले. बोस-चौधुरींच्या अग्रक्रमाची नोंद त्यांनी आपल्या ग्रंथात केली, हा त्यांचा मोठेपणा. तरीही रुखरुख उरतेच. बुद्धी कलकत्त्यातही होती, काच नव्हती!

दरम्यान १९४५ मध्ये बिभाबाई मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. विश्वकिरणांच्या विस्तृत वर्षावांवरील प्रबंधाने त्यांना डॉक्टरेट मिळाली. १९४९ मध्ये भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतले. तेथील त्या पहिल्या महिला संशोधक. पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत असताना कोलारच्या सुवर्णखाणीतील प्रयोगांतही त्यांचा सहभाग होता. अबूच्या पहाडावरील नवा प्रयोग मनात होता. परंतु १९७१ च्या अखेरीस साराभाई गेले आणि ती योजना मार्गी लागली नाही. स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्या कलकत्त्यास परतल्या, तरी संशोधन सुटले नाही. २ जून १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

देशातील एकाही विज्ञान अकादमीचे सदस्यत्व त्यांना लाभले नाही. २०१९ मध्ये मात्र आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने षडंश तारकासमूहातील एका ताऱ्यास ‘बिभा’ हे नाव दिले. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यास दुर्बीण लागते.