भास्कराचार्य व पृथ्वीची ओढ

महाराष्ट्रांत जे थोर गणिती होऊन गेले त्यांत भास्कराचार्यांचें नांव अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्यें झाला. सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जलवीड हें आपलें गांव, शांडिल्य हें गोत्र व महेश्वर हें वडिलांचें नांव, एवढी माहिती त्यांनीं ग्रंथांत नमूद करून ठेविली आहे. महेश्वर हेच त्यांचे गुरु होते.

वयाच्या ३६ व्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत. वाऱ्यानें मोडलेला वेळू, कमळांवरील भुंगे, खांबावरचा मोर अशीं लीलावतींतील गणितें पुष्कळांच्या परिचयाचीं आहेत. परंतु त्यांच्या निर्भय बुद्धीची खरी ओळख गोलाध्यायांत पटते.

पृथ्वी शेषाच्या मस्तकावर किंवा दिग्गजांच्या पाठीवर टेकलेली आहे, अशी त्या काळीं लोकांची समजूत होती. भास्कराचार्यांनीं विचार केला कीं, पृथ्वीस आधार मानला तर त्या आधारास दुसरा आधार शोधावा लागेल, त्याला तिसरा, आणि हा शोध कधींच संपणार नाहीं. शेवटीं कोणी तरी स्वतःच्या शक्तीनें उभा आहे असें मानणें भाग पडतें. मग ती शक्ति पृथ्वीचीच कां मानूं नये? पृथ्वीच्या अंगीं आकर्षण आहे व तें जड वस्तूंस स्वतःकडे ओढतें, म्हणून त्या पडल्यासारख्या दिसतात, असें त्यांनीं प्रतिपादिलें. आकाश तर चोहोंकडे सारखेंच. तेव्हां पृथ्वी स्वतः पडणार ती कोणत्या दिशेस?

मग आपल्या पायांखालीं, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस राहणारीं माणसें खालीं कां पडत नाहींत? जलाशयाच्या कांठीं उभ्या असलेल्या मनुष्याचें प्रतिबिंब जसें उलटें दिसतें, तशीं तीं आपणांस उलटीं वाटतात. पण आपण येथें जितके सुखानें उभे आहों तितक्याच सुखानें तींहि तेथें उभीं असतात, असें त्यांनीं सांगितलें. वाईच्या विद्यार्थ्यांस हा दृष्टांत कृष्णेच्या घाटावर, पाणी संथ असतांना, प्रत्यक्ष पाहतां येईल.

पृथ्वी स्थिर आहे असेंच आचार्य मानीत, व आकर्षणाचें प्रमाण त्यांनीं सूत्रांत बांधलें नव्हतें. तें कार्य इ. स. १६८७ मध्यें न्यूटननें केलें. त्याच्या नियमामुळें आणखी एका प्रश्नाचें उत्तर देतां येतें. वाईपासून पृथ्वीच्या मध्यांतून आरपार विवर खणलें, तर त्याचें दुसरें तोंड दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस, पॅसिफिक महासागरांत निघेल. त्यांत दगड सोडला तर काय होईल? दगड जसजसा खोल जाईल तसतशी, पृथ्वीची घनता सर्वत्र सारखी धरल्यास, ओढ कमी होत जाऊन मध्यबिंदूशीं शून्य होईल. तरी दगड तेथें थांबणार नाहीं. कारण त्या ठिकाणीं त्याचा वेग सर्वांत जास्त, सेकंदास सुमारें ८ किलोमीटर, असेल. त्या वेगानें तो पलीकडे चढत जाईल, दुसऱ्या तोंडाशीं क्षणभर स्थिरावेल व पुन्हां मागें फिरेल. हवेचा अडथळा व पृथ्वीचें फिरणें सोडून दिलें, तर एका खेपेस सुमारें ४२ मिनिटें लागतील. पृथ्वीचा गाभा अधिक घन आहे हें लक्षांत घेतल्यास तो काल सुमारें ३८ मिनिटें येतो.

असें विवर कोणासहि खणतां येणार नाहीं. आपल्याच सातारा जिल्ह्यांत कोयनेच्या परिसरांत भूकंपांच्या अभ्यासासाठीं इ. स. २०१७ मध्यें सुमारें ३ किलोमीटर खोल छिद्र पाडण्यांत आलें; पृथ्वीचा व्यास मात्र सुमारें १२,७४२ किलोमीटर आहे, आणि मध्याशीं उष्णता ५,००० अंशांहून अधिक आहे. परंतु जेथें कुदळ पोंचत नाहीं तेथें गणित पोंचतें.

इ. स. ११८३ मध्यें, उतारवयांत, भास्कराचार्यांनीं ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. त्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघण याचे ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ नुसते पूजेंत न राहतां शिकविले जावे, म्हणून त्यांनीं एक मठ स्थापिला, व त्यास इ. स. १२०७ मध्यें दान मिळालें. हें पाटण म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील नव्हे, तर चाळीसगांवानजीकचें. तेथील शिलालेखामुळें ही हकीकत कळते, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणिला. पुढें इ. स. १५८७ मध्यें अकबराच्या दरबारांतील फैजीनें लीलावतीचें फारसी भाषांतर केलें.

विद्यार्थी मित्रहो, मठ गेला, यादवांचें राज्य गेलें. प्रश्न मात्र राहिले आहेत. सर्वांनीं मान्य केलेल्या गोष्टीसहि आधार काय, असें नम्रपणें पण न भितां विचारणें, आणि मिळालेलें उत्तर पुढच्या पिढीच्या हातीं देणें, हीं दोन्हीं कामें ज्या घराण्यानें केलीं, त्याचें स्मरण आपण अभ्यासानेंच ठेवूं या.