गतिरोधकाचे गणित मांडणारा नोबेलविजेता

गतिरोधक ओलांडताना एखाद्या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाची आठवण सहसा कोणाला होत नाही. आर्थर हॉली कॉम्प्टन यांचा जन्म १० सप्टेंबर १८९२ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात वूस्टर येथे झाला. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून ऊर्जा गमावतात, हे त्यांनी १९२३ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात असताना मांडले. त्यासाठी १९२७ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. पुढे अणुबॉम्ब प्रकल्पातील शिकागोच्या प्रयोगशाळेची धुरा त्यांनी वाहिली.

महायुद्धानंतर ते वॉशिंग्टन विद्यापीठाचे कुलपती झाले. तेथील ब्रुकिंग्ज हॉलसमोरून मोटारी भरधाव जात. १९५३ मध्ये त्यांनी त्यावर उपाय म्हणून रस्त्यावरील उंचवट्यांचा आराखडा केला. रस्त्यावर उंचवटे करण्याची कल्पना जुनीच होती; कॉम्प्टन यांनी तिला गणिताची जोड दिली. सावकाश जाणाऱ्याला त्रास होऊ नये आणि वेगाने येणाऱ्याला हिसका बसावा, असा त्यांचा आकार होता. ना पोलीस, ना दंड. चालकाचा वेगच त्याला शिक्षा करी.

१५ मार्च १९६२ रोजी बर्कले येथे त्यांचे निधन झाले. मोजमापाविना उभारलेला गतिरोधक सावध चालकालाही हिसका देतो, तेव्हा कॉम्प्टन यांच्या उपायातील विज्ञानच हरवलेले असते.