डॉ. भाऊ दाजी लाड : पेडण्याच्या मातीतील अखंड विद्यार्थी

तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मधल्या पेडणे महालाने गोमंतकाला अनेक कर्तबगार माणसे दिली. त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मुंबईत भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला त्यांचे नाव आहे, माटुंग्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. मात्र ज्या मांद्रे गावात ते जन्मले, तेथील नव्या पिढीला त्यांची ओळख पुष्कळदा केवळ नावापुरती असते. पदवी हाती पडल्यावर वैद्याचे शिक्षण संपत नाही, ते तेथून खऱ्या अर्थाने सुरू होते, हे सूत्र त्यांनी आयुष्यभर पाळले.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरात त्यांना भाऊ आणि वडिलांना दाजी म्हणत, त्यावरून भाऊ दाजी हेच नाव रूढ झाले. त्यांचा जन्म 1822 सालचा. तेव्हा पेडणे पोर्तुगीज अमलाखाली येऊन जेमतेम 34 वर्षे झाली होती. डिचोली आणि सत्तरी 1780च्या दशकाच्या आरंभी, तर पेडणे 1788 मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले आणि या महालांची गणना नव्या काबिजादींत होऊ लागली. येथील सामान्य कुटुंबांच्या मुलांना शिक्षणाची दारे जवळपास बंदच होती. चरितार्थासाठी सावंतवाडीच्या वाटेने किंवा गलबताने मुंबई गाठणे हाच अनेकांपुढचा मार्ग होता. लाड कुटुंबानेही तोच धरला.

मुंबईत या मुलाची बुद्धी प्रथम दिसली ती बुद्धिबळाच्या पटावर. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिक्षण द्यावे, असा आग्रह वडिलांकडे धरला. मराठी शाळेतून भाऊ एल्फिन्स्टन संस्थेत गेले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. काठेवाड आणि कच्छमधील बालिकाहत्येच्या प्रथेवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला पारितोषिक मिळाले व तो 1847 मध्ये प्रसिद्ध झाला. नोकरी स्थिर होती, मानही होता. तरीही 1845 मध्ये सुरू झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी पुन्हा विद्यार्थी म्हणून पाऊल ठेवले.

गोव्यात पणजीची वैद्यकीय शाळा त्याआधी तीन वर्षे, 1842 मध्ये, उघडली होती. मुंबईतील हा प्रयोग मात्र समाजाच्या दृष्टीने अधिक धाडसी होता. शवविच्छेदन हा तेथील शिक्षणाचा पाया होता आणि प्रेताला स्पर्श करणे म्हणजे धर्म बुडवणे, अशी उच्चवर्णीय घरांतील समजूत होती. डॉ. चार्ल्स मोरहेड या पहिल्या प्राचार्यांच्या हाताखाली भाऊ दाजींनी हा अभ्यास पूर्ण केला आणि 1851 च्या पहिल्या पदवीधर तुकडीत ते उत्तीर्ण झाले. पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग आणि बार्देशातील आसगावचे वनस्पतितज्ज्ञ जुझे कामील लिश्बोआ हे त्यांचे सहाध्यायी होते.

पदवीनंतर त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. तो चांगलाच चालला. त्याबरोबर त्यांनी आणि डॉक्टर झालेले त्यांचे बंधू नारायण दाजी यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. त्या काळी हाड मोडणे, सांधा निखळणे, खांदा उतरणे अशा दुखापती बहुधा हाडवैद्याच्या हाती सोपवल्या जात. नव्या शिक्षणाने हाड, सांधा आणि स्नायू प्रत्यक्ष पाहून निदान करण्याची रीत आणली. गंमत अशी की ज्या ग्रंथातील आकृत्यांवरून जगभरातील विद्यार्थी पुढे खांद्याची रचना शिकले, त्या ग्रेच्या शरीररचनाशास्त्राचे चित्रकार डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर 1858 मध्ये मुंबईला आले आणि ग्रँट महाविद्यालयातच शरीररचना शिकवू लागले.

मात्र भाऊ दाजी पाश्चात्त्य शास्त्रावर थांबले नाहीत. त्यांनी संस्कृत वैद्यकग्रंथांचा अभ्यास आरंभला. या परंपरेत काय दडले होते, याची कल्पना सुश्रुतसंहितेवरून येते. तिच्यात सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार वर्णिले आहेत. खांदा निखळल्यास काखेत मुसळ देऊन तो वर उचलावा आणि मग स्वस्तिकाच्या आकाराचा बंध बांधावा, असे तेथे सांगितले आहे. दुखावलेल्या हाताला पूर्ववत बळ यावे म्हणून रुग्णाने आधी मातीचा गोळा, नंतर मिठाचा खडा आणि शक्ती आल्यावर दगड धरावा, असा क्रमही दिला आहे. आजच्या पुनर्वसनोपचारातही भार पायरीपायरीनेच वाढवतात. अशा प्राचीन उपचारांना केवळ श्रद्धेने मान न देता किंवा तुच्छतेने बाजूला न टाकता रुग्णावर पारखून पाहावे, ही भाऊ दाजींची भूमिका होती. जुन्या ग्रंथांनी ज्या औषधींना अद्भुत गुण बहाल केले होते, त्या त्यांनी स्वतः तपासून पाहिल्या.

या शोधाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत वादग्रस्त प्रकरण म्हणजे कुष्ठरोग. कोकण आणि गोव्याच्या रानात वाढणाऱ्या कडू कवठाच्या, अर्थात खष्टेलाच्या, बियांचे तेल त्यांनी कुष्ठरुग्णांवर वापरले. अनेकांना गुण आल्याची वार्ता दूरवर गेली. पण औषध कोणते, हे त्यांनी जाहीर केले नाही. पूर्ण खात्री पटल्यावरच ते लोकांपुढे ठेवावे, असा त्यांचा विचार होता. समव्यवसायी डॉक्टरांना हे मौन मान्य नव्हते. वैद्याने मिळवलेले ज्ञान इतर वैद्यांपुढे ठेवले, तरच ते तपासले जाते आणि सुधारते, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. ग्रँटच्या पदवीधरांनी एकत्र येऊन आपापल्या रुग्णांवरील निबंध वाचण्यासाठी मंडळ चालवले होते, ते याच तत्त्वावर. भाऊ दाजी गेले तेव्हा त्यांचे संशोधन अपुरेच राहिले होते. पुढे त्यांच्या औषधाची ओळख पटली. या वर्गातील तेलेच 1940च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर कुष्ठरोगावरील मुख्य उपाय होती. दिशा योग्य होती, परंतु तिचा लाभ सर्वांपर्यंत वेळेवर पोहोचला नाही, ही त्यांच्या चरित्रातील बोच आहे.

वैद्य म्हणून त्यांचे धैर्य 1862 च्या महाराज अब्रूनुकसानी खटल्यात कसाला लागले. पत्रकार करसनदास मुळजी यांनी वैष्णव संप्रदायातील एका महाराजांच्या अनाचारावर लिहिले होते. त्या खटल्यात भाऊ दाजींनी महाराजांच्या आजाराविषयी न्यायालयात साक्ष दिली. श्रीमंत व वजनदार समाजाचा रोष पत्करूनही ते डगमगले नाहीत. निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

दवाखान्याबाहेरही त्यांची जिज्ञासा स्वस्थ बसली नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांचे त्यांनी वाचन केले. कालिदासाचा काळ, आर्यभट, वराहमिहिर आणि भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचा काळ यांवर निबंध लिहिले. प्राचीन नाणी जमवली. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचे लेखन सातत्याने प्रसिद्ध झाले. 1852 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते सचिव होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या अधिछात्रांत त्यांचा समावेश झाला. स्त्रीशिक्षणाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला आणि 1869 व 1871 मध्ये मुंबईचे शेरीफपद भूषवले. भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय उभे राहावे म्हणून नाना शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवूड यांच्यासमवेत त्यांनी खटपट केली. ते 1872 मध्ये लोकांसाठी खुले झाले.

अखेरची वर्षे मात्र सुखाची नव्हती. 1865 च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात मुंबईतील अनेक प्रतिष्ठितांप्रमाणे त्यांनाही जबर आर्थिक फटका बसला. मे 1874 मध्ये, वयाच्या अवघ्या 51व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे संकलित लेखन 1888 मध्ये ग्रंथरूपाने आले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला 1975 मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

मांद्र्याहून फार दूर नसलेल्या धारगळ येथे डिसेंबर 2022 मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. ज्या पेडण्यातून विद्येसाठी कुटुंबाला बाहेर पडावे लागले, तेथेच आज प्राचीन वैद्यकाचे अध्ययन होत आहे. पेडणे, डिचोली असो वा बांबोळी, रोजच्या रुग्णसेवेतून वेळ काढून नवे निदान, नवे उपचार शिकत राहणारा प्रत्येक वैद्य भाऊ दाजींचाच वारसा चालवत असतो. जुने पारखून घ्यावे, नवे शिकत राहावे, हे त्यांच्या यशाने शिकवले. आणि जे कळले ते वेळेत सर्वांना सांगावे, हे त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाने शिकवले.