बाटलीवाल्याची ढाल

कांजूरमार्गहून स्लो लोकल पकडून तुम्ही सीएसएमटीच्या बाजूला कॉलेजला जात असाल, तर ‘जेजे’ हे नाव तुमच्या तोंडात रोज येत असणार. जेजे स्कूल, जेजे हॉस्पिटल, जेजे फ्लायओव्हर. कॉलेज माहीम-दादरकडे असेल, तर टॅक्सीवाल्याला तुम्ही एलजे रोड सांगता. तोही याच घरातला. पण हे जेजे नेमके कोण, असं कुणी विचारलं, तर आपण ‘कुणीतरी दानशूर पारशी’ म्हणतो आणि विषय बदलतो.

सर जमशेटजी जीजीभॉय. आज त्यांची ओळख त्यांच्या डीपीवरून करून घेऊया. डीपी म्हणजे फोटो नव्हे, कोट ऑफ आर्म्स.

युरोपात मध्ययुगात सरदार लोखंडी चिलखत घालून लढायचे. तोंड झाकलेलं, मग आपला कोण आणि परका कोण? म्हणून ढालीवर खूण रंगवायची पद्धत पडली. पुढे लढाई बाजूला राहिली आणि ती खूण बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. इंग्लंडमध्ये तर तिचा हिशेब ठेवायला १४८४ सालापासून वेगळं खातंच आहे, कॉलेज ऑफ आर्म्स. आपल्याकडे हे अगदीच परकं नाही बरं का. घराण्याचं देवक असतं ना, कुणाचं झाड, कुणाचा पक्षी? मोऱ्यांचं मोराचं पीस. फरक एवढाच, की देवक जन्माने मिळतं आणि ढाल अर्ज करून मिळवता येते. आणि अर्ज करायचा म्हटलं, की स्वतःबद्दल काय सांगायचं आणि काय नाही, हे ठरवावं लागतं. खरी गंमत तिथेच आहे.

जमशेटजींच्या घराण्याची ढाल निळी आहे. खालच्या भागात मुंबईजवळचे घाट, त्यांच्यामागून उगवणारा सूर्य. वर दोन उडत्या मधमाश्या. ढालीच्या डोक्यावर हिरवी टेकडी, तिच्यावर गव्हाच्या ओंब्यांमध्ये उभा मोर, त्याच्या चोचीतही एक ओंबी. खालच्या पट्टीवर इंग्रजीत दोनच गुण लिहिलेले : उद्योग आणि औदार्य.

सूर्य आणि डोंगर समजायला पुस्तक नको. कांजूर पूर्वेला महामार्गापलीकडे मिठागरं, मग खाडी, मग पारसिकचे डोंगर. सकाळी सूर्य तिथूनच वर येतो. घाट त्याच्याही मागे आहेत, पण चित्र तेच. पारशी माणसाला सूर्य आणि प्रकाश पवित्र, आणि विलायतेतल्या कारकुनाला तो नुसता छान देखावा वाटला असेल. एकाच चित्रात दोघंही खूश! मधमाशी म्हणजे कष्ट, हे युरोपातलं जुनं चिन्ह. गहू म्हणजे भरलेलं घर. आणि मोर धान्याच्या राशीत उभा राहून एकच ओंबी चोचीत धरतो, ती स्वतःसाठी की दुसऱ्याला द्यायला, हे ज्याचं त्याने ठरवावं. पट्टीवरचं औदार्य वाचलं तर दुसरा अर्थ लागतो.

आता माणूस बघा. जन्म १५ जुलै १७८३. घरचे मूळ नवसारीचे, परिस्थिती बेताची. सोळाव्या वर्षापर्यंत आईवडील दोघंही गेले. शाळा जेमतेम. पोरगा मुंबईत रिकाम्या बाटल्यांच्या धंद्याला लागला, तोही फ्रामजी बाटलीवाल्यांकडे. पुढे १८०३ मध्ये त्यांचीच मुलगी आवाबाई हिच्याशी लग्न झालं. जमशेटजींनाही लोक बाटलीवालाच म्हणायचे.

इथे एक आगाऊ विचार डोक्यात येतो. इंग्रजी ढालींमध्ये आडनावावर कोटी करायची जुनी परंपरा आहे. शेक्सपिअरच्या नावात ‘स्पिअर’ म्हणजे भाला, म्हणून त्याच्या घराण्याच्या ढालीवर सोनेरी भाला. त्या हिशेबाने बाटलीवाल्याच्या ढालीवर बाटली शोभली असती. ती नाही.

जमशेटजींनी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ मधली सफर सिनेमात शोभेल अशी. ‘ब्रुन्सविक’ जहाज श्रीलंकेजवळ फ्रेंचांनी पकडलं आणि सगळ्यांना थेट आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला नेलं. सामान गेलं, पैसे गेले. पण त्याच जहाजावर एक स्कॉटिश डॉक्टर होता, विल्यम जार्डिन. दोघांची दोस्ती जमली. या जार्डिनने नंतर डॉक्टरकी सोडून व्यापार धरला आणि १८३२ मध्ये ‘जार्डिन मॅथेसन’ ही कंपनी उभी केली. मुंबईहून तिला माल पुरवणारा मोठा माणूस म्हणजे आपले जमशेटजी.

माल कोणता? कापूस, हो. आणि अफू. माळव्यात पिकायची, मुंबई बंदरातून चीनला जायची, बदल्यात चांदी आणि चहा. चीनमध्ये अफूवर बंदी होती. माल चोरून उतरायचा. १८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन झेशू यांनी वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यावर इंग्लंडने युद्ध पुकारलं आणि ऑगस्ट १८४२ मध्ये चीनला हाँगकाँग सोडून द्यावं लागलं. त्याच १८४२ मध्ये जमशेटजी ‘सर’ झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

ढालीवर अफूचं बोंड नाही. जहाजसुद्धा नाही, आणि सगळी दौलत तर जहाजातून आलेली. तुम्ही म्हणाल, कोण स्वतःच्या डीपीवर असलं काही लावेल? लावणारे होते. सोळाव्या शतकात जॉन हॉकिन्स या इंग्रज दर्यावर्द्याने आफ्रिकेतली माणसं पकडून विकली आणि आपल्या चिन्हाच्या शिरावर दोरीने बांधलेला आफ्रिकी माणूस अभिमानाने बसवला. त्याला लाज वाटत नव्हती. मधमाश्या निवडणाऱ्या घराला ती वाटत होती, की नुसता शहाणपणा होता, हे ढाल सांगत नाही.

पण म्हणून औदार्य खोटं ठरवायचं का? मला ते जमत नाही. जेजे हॉस्पिटलची पायाभरणी ३ जानेवारी १८४३ ला झाली. तोवर गोरगरिबांनी आजारी पडलं तर जायचं कुठे, हा प्रश्नच होता. शेजारी १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं आणि इथली पोरं डॉक्टर होऊ लागली. कला शिकवणाऱ्या संस्थेसाठी त्यांनी एक लाख रुपये दिले, त्यातून १८५७ मध्ये जेजे स्कूल ऑफ आर्ट उभं राहिलं. माहीमची खाडी होडीने पार करावी लागायची, तिथे आवाबाईंनी सुमारे १ लाख ५७ हजार रुपये घालून कॉजवे बांधून घेतला. एलजे म्हणजे लेडी जमशेटजी, अर्थात आवाबाई. त्यांचं स्वतःचं नाव मात्र रस्त्याच्या पाटीवरही नाही आणि ढालीवर त्यांची काही खूणही नाही. हे मला बाटलीपेक्षा जास्त खटकतं.

आपल्या स्टेशनावरून जाणारे रूळही यातच येतात. मुंबईहून ठाण्या-कल्याणकडे रेल्वे न्यावी, ही कल्पना सरकारी इंजिनीअर जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये सुचली ती भांडुपला आले असताना, म्हणजे तुमच्या पुढच्याच स्टेशनावर. १८४५ मध्ये जमशेटजी आणि नाना शंकरशेट यांनी रेल्वेसाठी मुंबईकरांची संघटना उभी केली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली ती कांजूरच्या याच पट्ट्यातून.

६ ऑगस्ट १८५७ ला जमशेटजी बॅरोनेट झाले. तेव्हा उत्तरेत उठाव पेटलेला होता, आणि मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याला राणीचा वंशपरंपरागत किताब! हेही पहिले भारतीय. ‘सर’ ही पदवी माणसाबरोबर संपते, बॅरोनेट मुलाकडे जाते. बॅरोनेटला ढालीवर एक जादा खूण लावता येते : लाल पंजा. तो आयर्लंडमधल्या अल्स्टरचा. १६११ मध्ये पहिल्या जेम्स राजाला तिथल्या फौजेसाठी पैसे हवे होते, म्हणून त्याने हा किताब काढला. तीस सैनिकांचा तीन वर्षांचा खर्च भरा आणि बॅरोनेट व्हा. थोडक्यात, ज्या किताबाची सुरुवातच पैसे मोजून झाली, तो अडीचशे वर्षांनी दानासाठी नावाजलेल्या माणसाला मिळाला.

१४ एप्रिल १८५९ ला जमशेटजी गेले. किताब टिकवायचा तर मागे तेवढी मिळकत हवी. म्हणून १८६० मध्ये खास कायदा झाला. वर्षाला एक लाख रुपये उत्पन्न देणारे सरकारी कर्जरोखे आणि माझगावचा ‘कॅसल’ म्हणवणारा वाडा किताबाला कायमचे जोडले गेले. त्याच कायद्यात एक अटही होती : जो कुणी पुढचा बॅरोनेट होईल, त्याने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव लावायचं. थोरला मुलगा कर्सेटजी तेव्हा चांगला जाणता, नावारूपाला आलेला माणूस होता. त्याने आपलं नाव सोडलं आणि ढालीबरोबर वडिलांचं नाव घेतलं.